मेल्यासारखं पडायचं

काळी फीत कुणीच बांधून घेईना.

"हिरवी दे, लाल दे, पण ही नको गो बाय," सरपंचांच्या काकूंनी हात मागे घेतला. "माझ्या सुनेला सातवा लागलाय. घरात काळं नको."

त्यांचं बघून मागच्या चार बायकांनीही हात पदराखाली घेतले. एका पुरुषाला विचारलं तर तो म्हणाला, "नर्सबाय, मी आजच नवीन होडीची पूजा केलीय. आज मेलो तर बायको जेवायला देणार नाय." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

कंपनीच्या गेटसमोरच्या डांबरी रस्त्यावर टेबल मांडलं होतं आणि टेबलावर चार रंगांच्या फितींची भेंडोळी होती. खारशेतची माणसं सकाळपासून जत्रेला आल्यासारखी जमली होती. कंपनीचं मॉक ड्रिल होतं. टाकीतून वायू फुटला असं समजायचं, भोंगा वाजवायचा, रंगीत धुराची नळकांडी पेटवायची, आणि कोण किती शहाणं आहे ते तहसीलदार मांडवात बसून बघणार. मी तिथल्या उपकेंद्राची नर्स, कुमुद तांडेल. फिती बांधायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्याचं प्रशिक्षण मी तालुक्याला जाऊन घेऊन आले होते.

तिथे आम्हाला फळ्यावर लिहून शिकवलं. आपत्ती दोन प्रकारची, एक नैसर्गिक आणि दुसरी मानवनिर्मित. पूर, भूकंप, वादळ इकडे. आग, स्फोट, वायुगळती तिकडे. मग माणसांची वर्गवारी. आधी मोठ्याने ओरडायचं, 'ज्यांना चालता येतंय त्यांनी इकडे या!' जे उठून येतात ते हिरवे, त्यांना फारसं झालेलं नसतं. जे उठू शकत नाहीत, धापा टाकतायत, ते लाल, त्यांना आधी उचलायचं. जे थोडे थांबू शकतात ते पिवळे. आणि जो हलत नाही, बोलत नाही, श्वास घेत नाही, तो काळा. त्याच्यापाशी थांबायचं नाही, पुढे जायचं. ऐकायला निर्दय वाटतं, पण हात दोन आणि पडलेली माणसं शंभर असली की दुसरं काय करणार? नियमात मला तेव्हाही खोट दिसली नाही आणि आजही दिसत नाही.

"सिस्टर, किती झाले?" कर्णिक साहेब घाम पुसत आले. हे कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. माणूस गोडबोल्या, चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही.

"हिरवे पुष्कळ झाले. लालसाठी तर भांडणं लागलीत, अँब्युलन्समध्ये बसायला मिळतं म्हणून. काळा एकही नाही."

"असं कसं? प्लॅनमध्ये काळे दाखवलेत."

"साहेब, कुणी मेलं नाही तर आनंद माना की."

"आणि तहसीलदारांना काय दाखवू? वायू फुटला आणि सगळे धडधाकट?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि चुटकी वाजवली. "वाडीवरची आणा. टेंपो पाठवा रे! दिवसाची मजुरी देऊ म्हणावं, नुसतं पडून राहायचं आहे."

वाडी म्हणजे कातकरवाडी. कंपनीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून होती. भिंतीच्या अलीकडे कातकऱ्यांची कुडाची घरं आणि पलीकडे क्लोरीनच्या टाक्या. उद्या खरोखर काही फुटलं तर पहिला घास त्यांचाच. पण सकाळपासून गावात दवंडी फिरली, पत्रकं वाटली, माईकवरून सूचना झाल्या, आणि वाडीवर कुणी फिरकलं नव्हतं. मेलेले कमी पडले तेव्हा त्यांची आठवण झाली.

टेंपो भरून आला. पहिली उतरली बारकी हिलम, कडेवर पोरगी. ही पोरगी माझ्या हातावर जन्मलेली. आधीची दोन गेली होती, म्हणून हिच्या वेळी मी दर आठवड्याला वाडीवर जाऊन बारकीच्या मागे लागायचे, गोळ्या खा, दवाखान्यात चल. ती मला हसून सगळं ऐकवायची आणि शेवटी माझंच ऐकायची. तिच्या मागून तिचा नवरा नवशा उतरला. उंच, लाजरा, बोलताना जमिनीकडे बघणारा.

"बाय, काय करायचं हाय?" बारकीने विचारलं.

मी काही बोलायच्या आत कर्णिकच म्हणाले, "काही नाही. भोंगा वाजला की इथे रस्त्यावर येऊन आडवं पडायचं. मेल्यासारखं. हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचं नाही. मी शिट्टी मारली की उठायचं."

"मेल्यासारखं?" नवशा हळूच म्हणाला.

"अरे, खोटं मेलं की आयुष्य वाढतं! कावळा शिवला की पाहुण्यांना मेल्याचा खोटा सांगावा धाडत नाहीत का? तसंच हे."

"मंग मी शंभर वर्सं जगणार," नवशा म्हणाला आणि मनगट पुढे केलं. वाडीवरच्या सगळ्यांनी तसेच हात पुढे केले. मी फिती बांधल्या. मला ते आवडलं नाही आणि मी ते तिथेच बोलले.

"साहेब, ह्यांनाच काळं का? गावातल्यांना नको म्हणून?"

"अहो सिस्टर, फीत आहे ती, शाप नाही. ते खूश आहेत, तुम्ही कशाला नाराज?" एवढं बोलून ते मांडवाकडे पळाले.

भोंगा वाजला. पिवळा धूर सुटला, डोळ्यांना झोंबला. हिरवे तोंडाला ओला रुमाल लावून टेकडीकडे चालते झाले, वर त्यांच्यासाठी वडे ठेवले होते. लाल लोक इतके कण्हत होते की अँब्युलन्सवाल्याला हसू आवरेना. आणि रस्त्यावर, उन्हाने तापलेल्या डांबरावर, वाडीवरची माणसं ओळीने पडली होती. मी चालत चालत त्यांच्यापाशी गेले. सगळे डोळे मिटून. बारकी पोरीला पोटाशी धरून. तिथून पुढे जायचं असा नियम, म्हणून पुढे गेले.

तेवढ्यात नवशाच्या पायाला लाल मुंगळा डसला. त्याने पाय झटकला.

"ए!" कर्णिक माईकवरून ओरडले. "मेलेला माणूस पाय हलवतो का रे? भूत आहेस का?"

अख्खा रस्ता हसला. मांडवात तहसीलदारही हसले. नवशाने डोळे घट्ट मिटून घेतले, पण त्याचे कान लालबुंद झालेले मला दिसले. ड्रिल संपल्यावर सगळ्यांना मजुरी मिळाली आणि नवशाला मिळाली नाही. "काम नीट केलं नाही तर दाम कशाचा?" मुकादम म्हणाला. बारकी त्याच्याशी भांडायला उठली तर नवशानेच तिला ओढून मागे नेलं.

जाताजाता कर्णिकांनी माईकवरून शेवटचं सांगितलं, "छान झालं सगळं. पण पुढचं ड्रिल आम्ही न सांगता घेणार आहोत! अचानक भोंगा वाजेल. कोण आपापलं काम किती पटकन करतं ते बघणार. जो आधी जागेवर, त्याचा दाम पक्का!"

गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात मात्र सणक गेली. मी तडक कर्णिकांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, एक विचारू? वाडीवरच्यांना तुम्ही पडायला शिकवलंत. पळायला कधी शिकवणार?"

"म्हणजे?"

"टाकी त्यांच्या डोक्याशी आहे. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीला धरून सरकतो, हे मला तुमच्याच माणसाने प्रशिक्षणात सांगितलं. खरं काही झालं तर त्यांनी सगळ्यात आधी टेकडीवर जायला हवं. आणि तुम्ही त्यांना सांगताय भोंगा झाला की येऊन झोपा!"

"ते ड्रिलमध्ये, हो."

"ड्रिलचा भोंगा वेगळा आहे का?"

चहाचा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सायरन एकच असतो, सिस्टर."

"मग त्यांना कसं कळणार?"

"पुढच्या मीटिंगला घेऊ हा मुद्दा. नोंद करतो. अहो, सहा वर्षांत इथे कधी काही झालेलं नाही. तुम्ही चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तांडेलबाई, कंपनी खाजगी, प्लॅन तहसीलचा, आपण फक्त फिती बांधणारे. हात दाखवून अवलक्षण कशाला?" पुढच्या मीटिंगला मी मुद्दाम गेले. मुद्दा निघाला नाही. मी काढला तर तहसीलदार म्हणाले, "वेळ झाला, पुढच्या वेळी." त्यापुढची मीटिंग झालीच नाही.

मग मीच वाडीवर गेले. कुणाच्या परवानगीची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते. पिंपळाखाली सगळ्यांना बसवलं. वारा कसा ओळखायचा, धूळ उडवून दाखवली. फडकं ओलं करून तोंडाला कसं लावायचं ते दाखवलं. विहिरीत टाकायची क्लोरीनची टीसीएल पावडर नेली होती, ती सगळ्यांच्या नाकाशी धरली.

"हा वास आला की मागेपुढे बघायचं नाही. पोर उचलायचं आणि टेकडीवर पळायचं. वर, खाली नाही. कळलं?"

"कळलं," बारकी म्हणाली. "पन बाय, भोंगा वाजला की आडवं पडायचं ना?"

"नाही! पळायचं."

"मंग कंपनीचं डिरील असलं तर?"

"ड्रिल असलं तर... तर ते सांगतील ना."

"साहेब तर म्हनला, न सांगता घेनार."

बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. नवशा जमिनीवर काटकीने रेघा मारत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बाय, या टायमाला मी नाय हलनार. मुंगळा काय, इंचू डसला तरी नाय हलनार."

"अरे वेड्या, मजुरी गेली खड्ड्यात!"

"मजुरीचं नाय. समदी हासली ना."

बारकी त्याला कोपराने ढोसून म्हणाली, "रोज रातचा झोपेत पन पाय हालवत नाय आता, बाय. सराव करतोय." सगळी वाडी हसली, नवशाही हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी परत परत बजावलं, वास आला की पळायचं, वास आला की पळायचं. शेवटी बारकी वैतागली. "किती येळा सांगशील? आला वास की पळतो!"

पावसाळा सरला. भाताची कापणी उरकली. त्या दिवशी मी गावच्या अंगणवाडीत पोरांना लस टोचत होते. सकाळची कोवळी उन्हं होती, वारा समुद्राकडून गावाकडे येत होता. भोंगा वाजला.

"डिरील! डिरील!" पोरं ओरडली. बायका हसत बाहेर आल्या. "गो, माझी लालच हां!" कुणीतरी म्हणालं. मीही क्षणभर तेच समजले. मग वास आला. विहिरीच्या काठावर पिशवी फोडल्यावर येतो तो वास, पण शंभर विहिरींचा एकदम, नाकात सुई घातल्यासारखा.

"पळा!" मी ओरडले. "खरं आहे हे! टेकडीवर पळा!"

गाव पळालं. मागच्या वेळी ज्यांनी लाल फीत बांधून कण्हून दाखवलं होतं ते सगळ्यात पुढे. सातव्या महिन्याची ती सून आता बाळंतीण, तिचं पोर काकूंनी पदरात गुंडाळलं होतं. मी पोरांना पुढे घालून चढाला लागले. वर पोचून मागे बघितलं. कंपनीच्या भिंतीवरून हिरवट पिवळा ढग ओघळत होता, आणि गेटसमोरच्या रस्त्याच्या खोलगट भागात साचत होता. वाडीवरचं कुणीच टेकडीवर नव्हतं.

तेवढ्यात पायवाटेने बारकी आली. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी, पोरगी खांद्यावर. मागे वाडीवरच्या दोन बायका, धापा टाकत.

"बाय! तो उठत नाय!" तिने पोरगी माझ्या अंगावर टाकली. "वास आला म्हनलं, चल म्हनलं, हात धरून वढला. उठत नाय! म्हनतो डिरील हाय, तू जा, परत हासतील! समदी तिथंच पडलीत!"

पोरगी मी अंगणवाडीच्या ताईंकडे दिली, पाण्याच्या बाटलीने पदर भिजवला, तोंडाला गुंडाळला आणि वाऱ्याची बाजू सोडून शेताच्या बांधावरून खाली उतरले. बारकी मागून आली. ये म्हटलं नव्हतं, पण थांब म्हणायलाही मला धीर झाला नाही.

रस्त्यावर शेजारच्या औद्योगिक वसाहतीतला बंब आला होता. मुखवटे घातलेले जवान. त्यांच्या म्होरक्याने कर्ण्यातून ओरडून सांगितलं, "ज्यांना चालता येतंय त्यांनी इकडे या!" गेटमधून कामगार खोकत खोकत बाहेर येत होते, ते त्याच्याकडे गेले. रस्त्यावर ओळीने पडलेली वाडीवरची माणसं जागची हलली नाहीत. म्होरक्याने पुन्हा आवाज दिला. एकही उठला नाही. दोन जवान त्या ओळीपाशी गेले, वाकून बघितलं. मिटलेले डोळे, हालचाल नाही. त्यांनी एकमेकांना हाताने खूण केली आणि ते पुढे गेटमध्ये शिरले.

"अरे, थांबा!" मी धावले. "ते जिवंत आहेत!"

म्होरक्याने मला अडवलं. "सिस्टर, मागे व्हा. आत कामगार अडकलेत, आधी ते."

"आधी हे! हे जिवंत आहेत!"

"दोनदा आवाज दिला. एकही उठला नाही."

"ते उठणार नाहीत! त्यांना उठू नका असं शिकवलंय! अहो, ते मेलेले नाहीत, मेल्यासारखे पडलेत!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू वायू माझ्याच डोक्यात गेलाय. त्याचा तरी काय दोष? तो त्या ड्रिलला नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, पुढे गेले असते.

मी त्याचा हात झिडकारून ढगात घुसले. डोळ्यांत तिखट भरल्यासारखं झालं. पहिला माणूस हाताला लागला त्याला हलवलं. तो डोळे उघडेना. मग मी त्याच्या कमरेत लाथ घातली. हो, लाथ. जन्मभर माणसांच्या जखमा पुसल्या आणि त्या दिवशी मी पेशंटला लाथ घातली. तो कळवळून उठला, खोकला, रांगत पळाला. दुसऱ्याला घातली. तिसरी म्हातारी होती, तिला केसांना धरून उठवलं. बारकी दुसऱ्या टोकाने तेच करत होती आणि तोंडाने अशा शिव्या देत होती की तशा मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. आता जवानांनाही उमगलं. ते मागे फिरले, माणसं उचलू लागले. काही जण उठले. काही जणांना उठवायला आम्हाला उशीर झाला होता.

नवशा सगळ्यात पुढे होता, गेटच्या तोंडाशी, रस्त्याच्या अगदी खोलगट जागी. भोंगा वाजल्यावर सगळ्यात आधी तोच पोचला असणार. उताणा, हात अंगाशी सरळ, पाय जुळवलेले. एक फडकं त्याने दातांत धरलं होतं. खोकला येऊ नये म्हणून.

"नवशा! ऊठ! खरं आहे हे! ऊठ रे!"

त्याच्या छातीतून घुर्रघुर्र आवाज येत होता. ओठांच्या कोपऱ्यातून गुलाबी फेस आला होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हा त्याने एक डोळा किलकिला केला आणि ड्रिलच्या वेळी मांडव होता त्या बाजूला नजर फिरवली. मग अगदी हळू, ओठ न हलवता विचारलं, "साहेब गेलं?"

"गेला! मेला तुझा साहेब! ऊठ!"

तो उठला. म्हणजे उठायला गेला. पायांत जोरच उरला नव्हता. मी आणि बारकीने त्याला काखेत धरून ओढत नेलं. मी अँब्युलन्सवाल्याला सांगितलं, हा लाल, हा आधी. नेला त्याने, लगेच नेला. तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुया लावल्या, डॉक्टर हटले नाहीत त्याच्यापासून. पण फुप्फुसात पाणी भरत गेलं. दुपारी उन्हं कलायच्या आत तो गेला. शेवटपर्यंत बारकी त्याला सांगत होती, "खोक की रे. आता खोक. कोन नाय हासत."

वाडीवरची पाच माणसं गेली. गावातलं कुणी गेलं नाही. माझा खोकला चार महिने राहिला, आणि आजही जिना चढताना छाती भरते. पण ते सोडा. मी नोकरीत होते, मला रजा मिळाली, औषधं मिळाली.

चौकशी ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. जिल्ह्याहून अधिकारी आले होते, सोबत टंकलेखक. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की आपत्ती हा शब्द कुणी वापरू नये, ही वायुगळतीची घटना आहे. आमच्या प्रशिक्षणात फळ्यावर दोनच प्रकार होते. हा तिसरा तिथे कुणी शिकवला नव्हता.

कर्णिक साहेबांनी साक्ष दिली. आवाज नेहमीसारखाच गोड. "प्रशिक्षण दिलं होतं. रंगीत तालीमही झाली होती, तहसीलदार साहेब हजर होते. गावकऱ्यांनी सूचना पाळल्या, ते सुरक्षित राहिले. वाडीवरच्यांनी पाळल्या नाहीत, ही दुर्दैवाची गोष्ट. घरातून टेकडीकडे जायचं सोडून ते उलट गेटसमोर आले. त्या लोकांचं आपल्याला माहीतच आहे, सकाळीसुद्धा..." त्यांनी अंगठा ओठाशी नेला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते काय ते मला त्या दिवशी कळलं. मी ताडकन उभी राहिले. "खोटं आहे! नवशा हिलम दारूला शिवत नव्हता! त्यांना पडायला ह्यांनीच शिकवलं. मी ह्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं होतं, भोंगा एक की दोन! मीटिंगमध्ये विचारलं होतं!"

"सिस्टर, बसा," अधिकारी म्हणाले. "तुमचं म्हणणं आरोग्य खात्यामार्फत स्वतंत्र घेऊ."

ते कधीच घेतलं नाही. माझी मात्र दोन महिन्यांत बदली झाली, डोंगरापलीकडे, जिथे कंपनी नव्हती आणि रस्ताही नव्हता.

त्या दिवशी सगळ्यात शेवटी बारकीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. पोरगी कडेवर होती.

"बाई, तुमचे यजमान शुद्धीत होते ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "हातीपायी धड होते?"

"व्हते."

"तुम्ही पळालात. ते का पळाले नाहीत? पळा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का?"

बारकीने माझ्याकडे बघितलं, मग कर्णिकांकडे. कर्णिक कागद चाळत होते. ती मुळीच रडली नाही. आवाजही चढवला नाही. अगदी साधं विचारावं तसं तिने विचारलं.

"या बाय सांगत व्हत्या पळ. कंपनी सांगत व्हती मर. दोगांत मोठं कोन, साहेब?"

टंकलेखकाचे हात यंत्रावर थांबले. त्याने अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली, हे नको.

"पुढचा," ते म्हणाले.